अंडरकट आणि लोणी

गेल्या महिन्यात मी घरी स्टेक भाजला. म्हशीचा. वर लोण्याची चकती ठेवली. ती वितळली आणि आम्ही खाल्लं. गोष्ट एवढीच. पण अभ्यासवर्गात बोलता बोलता हे तोंडून निघालं आणि दोन मित्र दोन बाजूंनी अंगावर आले. एक म्हणाला, स्टेक म्हणजे साहेबाचं खाणं, पंचतारांकित हॉटेलातली मिजास, तुला रे हे थेर कुठून सुचले? दुसरा म्हणाला, बाबासाहेबांनी सोडा म्हणून सांगितलेलं तू पुन्हा चुलीवर चढवलंस, वर त्याची फुशारकी मारतोस. दोघंही माझे जवळचे दोस्त, दोघांच्याही घरी मी जेवलोय. म्हणून दोघांना एकदम, आणि छापून, उत्तर देतो. संपादकीयाची जागा स्वयंपाकाला कशाला, असं ज्याला वाटेल त्याने एवढं आठवावं की ज्यांच्या नावावरून १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव उचललं, त्या ऑकलंडच्या ब्लॅक पँथरांनी १९६९ साली शाळकरी मुलांना सकाळचा फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली होती. पोट हा राजकारणाबाहेरचा विषय आहे असं पोट भरलेलेच म्हणतात.

आधी साहेबाच्या खाण्याचं बघू.

स्टेक म्हणजे काय? मांसाचा जाड काप, धाग्याला आडवा कापलेला, चांगला दीड इंच. तो प्रचंड आचेवर थोडा वेळ भाजायचा. पाणी नाही, वाटण नाही, झाकण नाही. आता ही पद्धत कुठल्या मांसाला चालते? ज्या स्नायूने जनावराच्या जन्मात फारसं काम केलं नाही, त्याला. पाठीच्या कण्याखाली आतल्या बाजूने एक लांबट, मऊ स्नायू असतो. आपल्याकडचे कसाई त्याला अंडरकट म्हणतात. तो ना चालायला लागतो ना ओढायला. सगळ्या धडात तो किती, तर अगदी थोडा. उरलेलं जनावर म्हणजे मान, खांदा, पाय, सीना. ते राबलेलं असतं. राबलेल्या स्नायूत चिवट जाळं असतं, ते सत्तर अंशांच्या पुढच्या आचेत तासन् तास रटरटलं तरच विरघळून मऊ होतं. ते निखाऱ्यावर पाच मिनिटं टाकलं तर चप्पल चावल्यासारखं लागेल.

म्हणजे बघा, रस्सा करायचा की भाजायचं हे आवडीनिवडीवर ठरत नाही. तुमच्या वाट्याला जनावराचा कुठला भाग आला, ताजा आला की मेल्यानंतर आला, तरणा आला की म्हातारा, यावर ठरतं. आमच्या आज्या भांडं भरून पाणी ठेवून उकळत बसायच्या. उरलेल्या मांसाच्या पट्ट्या कापून दोरीवर वाळवायच्या, त्या चान्या पुढे महिनो न् महिने पुरवायच्या. त्यांना निखाऱ्यावर भाजायची अक्कल नव्हती म्हणून नव्हे. त्यांच्या वाट्याला अंडरकट कधी आलाच नाही. जे आलं त्यातून त्यांनी जे शिजवलं ते शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये लिहून ठेवलंय. ज्याने वाचलं नसेल त्याने हा अंक बाजूला ठेवून आधी ते वाचावं.

आणि हे आपल्याकडेच असं आहे असंही नाही. टेक्सासच्या गुराढोरांच्या वाड्यांवर राबणाऱ्या मेक्सिकन गुराख्यांना मजुरीचा भाग म्हणून मालक जनावराचं डोकं, आतडी, कातडं आणि पोटाकडची एक चिवट पट्टी द्यायचे. मालकाच्या टेबलावर पाठीचे काप जायचे. गुराख्यांनी ती पट्टी लिंबात मुरवली, कडक निखाऱ्यावर भाजली, धाग्याला आडवी पातळ कापून रोटीत गुंडाळली. त्याचं नाव फहिता. फाहा म्हणजे पट्टा, त्यावरून. पुढे सत्तरच्या दशकात हॉटेलवाल्यांना तिची चव कळली, आणि जी पट्टी मजुरीत टाकून दिली जायची तिचा भाव असा चढला की गुराख्याच्या नातवाला ती परवडेना. वजडी आणि पाया आता इथल्या मोठ्या हॉटेलांच्या मेनूवर चढताना बघतो तेव्हा मला ही पट्टी आठवते.

फ्रान्सात तर स्टेक म्हणजे देश. रोलाँ बार्थ नावाच्या लेखकाने १९५७ साली ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकात स्टेक आणि बटाट्याच्या तळलेल्या कापांवर एक निबंध टाकला. फ्रेंच माणूस स्टेक खातो तेव्हा तो रक्त, ताकद आणि राष्ट्र खात असतो, असं त्याने दाखवलं. त्यात एक गंमत आहे. कापल्यावर बशीत जे लाल पाणी सुटतं ते रक्त नसतंच. रक्त कापतानाच वाहून गेलेलं असतं. उरतं ते स्नायूतलं पाणी, आणि त्याला लाल रंग देणारं मायोग्लोबिन. अख्खं राष्ट्र ज्याला रक्त समजून ताठ झालं ते रंगीत पाणी निघालं. खरं रक्त आमच्या घरात शिजायचं, रक्ती म्हणून, कांदा-मिरचीवर परतून. त्याच्यावर कुणी राष्ट्र उभं केलं नाही.

तर साहेबाचं खाणं म्हणून स्टेक सोडून द्यायचा असेल तर मग साहेबाची पँट, साहेबाची भाषा, साहेबाची लोकलगाडीही सोडावी लागेल. मी सोडणार नाही. उलट कसाबसा हाताला लागलेला चांगला तुकडा मला नीट भाजता आला पाहिजे, असं मला वाटतं. तेव्हा ते कसं, तेही सांगतो. रेसिपीच्या पानासारखं गुळगुळीत सांगणार नाही.

कसायाकडे सकाळी जावं. दुपारपर्यंत उघड्यावर टांगलेलं घेऊ नये. अंडरकट मागितला की तो सुरी उचलतो आणि विचारतो, चिली के लिए? म्हणजे बोटाएवढे तुकडे करू का. त्याला थांबवायचं. अख्खा घ्यायचा. घरी आणून वरची पांढरी, चकचकीत झिल्ली धारदार सुरीने सोलायची. ती कितीही वेळ शिजवली तरी दाताला शरण येत नाही. मग दीड-दीड इंचाचे काप. पातळ कापाल तर बाहेरून रंग चढेपर्यंत आतून लाकूड झालेलं असेल.

मिठाचं एक लक्षात ठेवा. एक तर भाजायच्या आधी तासभर लावा, किंवा अगदी तव्यावर टाकताना लावा. मधल्या वेळेत, म्हणजे दहा-वीस मिनिटं आधी लावलंत की मीठ पाणी ओढून वर आणतं आणि ते पाणी पुन्हा आत मुरायला सवड मिळत नाही. ओल्या मांसावर भाजल्याचा रंग चढत नाही, ते नुसतं वाफतं. म्हणून लावलेलं मीठ मुरू द्यावं आणि वरून कोरड्या फडक्याने टिपून घ्यावं.

आच. गॅलरी असेल तर कोळशाची शेगडी आणि वर जाळी. कोळसा पेटल्या पेटल्या ठेवायचं नाही, निखाऱ्यावर राखेचा पांढरा थर येईपर्यंत थांबायचं. निखारे एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी ठेवले की करपायला लागल्यावर सरकवायला जागा राहते. शेगडी घरात आणून दारं-खिडक्या लावून भाजायला मात्र कुणी बसू नये, कोळशाच्या धुराने माणसं मेलेली आहेत. ज्याच्याकडे गॅलरी नाही, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांकडे नाही, त्याने बिडाचा तवा घ्यावा. तो भाकरीसाठी घरात असतोच. धूर सुटेपर्यंत तापवावा. मांसाला तेलाचा हात लावावा, तव्याला नव्हे. दर मिनिटाला उलटावं. एकदाच उलटायचं म्हणतात ते मनावर घेऊ नका, वारंवार उलटल्याने आत आच सारखी पोचते.

इथे एक थाप खोडून काढतो. तेज आचेवर टाकलं की बाहेरची बाजू बंद होते आणि रस आत कोंडतो, असं सगळे आचारी सांगतात. १८४७ च्या सुमारास लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हे मांडलं आणि जग तेव्हापासून ते पाठ म्हणतंय. खोटं आहे. तव्यावर जो चर्र आवाज येत राहतो तो बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच आवाज असतो. बंद झालं असतं तर आवाज थांबला असता. तेज आच लागते ती चवीसाठी. कोरड्या पृष्ठभागावर प्रथिनं आणि साखर यांची जी जुगलबंदी होते, जी माय्यार नावाच्या फ्रेंच माणसाने १९१२ साली मांडली, तिच्यातून तो तपकिरी रंग आणि वास येतो. भाकरीच्या पापुद्र्यावरचे डागही त्याच जातीचे. पिढ्यान् पिढ्या पाठ म्हटलेली गोष्ट कानाने ऐकून तपासता येते, हे मला त्या तव्याजवळ उभं राहून फार आवडलं.

किती भाजायचं? हॉटेलात मिडियम-रेअर म्हणतात ते आत चौपन्न अंशांच्या आसपास असतं. अमेरिकन सरकारी सल्ला अख्ख्या कापासाठी त्रेसष्ट अंश आणि मग तीन मिनिटं थांबा, असा आहे. मी साठच्या पुढे नेतो. आपल्याकडची हवा, कसायाचा ओटा, घरापर्यंतचा प्रवास, हे सगळं धरून. पोरं, म्हातारी माणसं, गरोदर बाई असेल तर पूर्ण भाजावं, त्यात कमीपणा नाही. खिमा असेल तर पूर्णच, कारण बाहेरचे जंतू दळताना आत गेलेले असतात. आतलं तापमान मोजायचा काटा काही शे रुपयांत मिळतो. बोटाने दाबून ओळखणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. उतरवल्यावर पाच मिनिटं हात लावू नये. लगेच कापलं तर पाणी बशीत जातं.

आता लोणी. म्हशीच्या मांसात आत चरबीच्या रेषा फारशा नसतात. रंग गडद, चव दांडगी, पण कोरडं. जरा आच जास्त झाली की हातचं गेलं. म्हणून वरून लोणी. फ्रेंच लोक मऊ लोण्यात पार्सली, लिंबाचा रस, मीठ, मिरी कालवतात, त्याची कागदात वळकटी करतात, थंड करतात आणि चकती कापून गरम मांसावर ठेवतात. त्याला ते मेत्र दोतेलचं लोणी म्हणतात, म्हणजे हॉटेलातल्या मुख्य वाढप्याचं. मी पुड्यातलं शंभर ग्रॅम पिवळं लोणी घेतलं, ज्याला आपण सगळे बटर म्हणतो. त्यात चार पाकळ्या लसूण, दोन हिरव्या मिरच्या, थोडं जिरं, मूठभर कोथिंबीर पाट्यावर ठेचून घातली. अर्धं लिंबू. मीठ नाही, त्यात असतंच. तूप चालेल का असं आईने विचारलं. चालत नाही असं नाही, पण लोण्यात पाणी असतं, दुधाचा अंश असतो, ते वितळताना दाट, दुधाळ होऊन मांसाला धरून राहतं. तूप नुसतं ओघळतं.

आणि लोणी शेवटी. हे मी हात पोळून शिकलो. पहिल्यांदा केलं तेव्हा शहाणपणा करून लोणी आधीच तापल्या तव्यात टाकलं. लोण्यातला दुधाचा अंश क्षणात काळा झाला. इतका धूर झाला की तो दाराच्या फटीतून जिन्यात गेला. भाड्याचं घर. घर बघायला आलो तेव्हा एजंटाने आडनाव विचारलं होतं, मग गाव विचारलं होतं, मग हसत हसत ‘खाण्यापिण्याचं काय’ असं विचारलं होतं. दारावर टकटक झाली. शेजारचे गृहस्थ. काय जळतंय? आणि मग, काय बनवताय?

मी म्हणालो, मटण.

कुणी दम दिला नव्हता. त्या माणसाचा आवाजही चढलेला नव्हता, काळजीनेच आला असेल. आणि कायदा म्हणाल तर माझ्या बाजूने होता. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला बंदी १९७६ च्या कायद्याने आली. बैल आणि वळू २०१५ साली त्यात ओढले गेले, पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेरून आणलेलं मांस घरात बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हैस-रेडा त्या बंदीत नाही. तपासणी होते, दाखला मिळतो, कापलं जातं. म्हशीचं मांस जगाला विकणाऱ्या पहिल्या काही देशांत आपला देश मोडतो. हे सगळं मला पाठ आहे, मी यावर अभ्यासवर्ग घेतलाय. तरी जीभ मटण म्हणाली. कारण कायदा वाचायला कुणी थांबत नाही हेही पाठ आहे. २०१५ साली दादरीजवळच्या बिसाहड्यात मोहम्मद अखलाकला घरातून ओढून मारलं, ते फ्रिजमध्ये काय आहे या संशयावर. २०१६ साली उन्यात आपल्या पोरांना गाडीला बांधून झोडलं, ती तर मेलेल्या गाईचं कातडं काढत होती. त्याच गावाने नेमून दिलेलं काम करत होती.

दार लावलं आणि तो करपलेला काप मी तसाच टाकून दिला. खाववेना. करपला होता म्हणून नव्हे.

आता दुसऱ्या मित्राला. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितलं ते मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून. पडं खाऊ नका, ढोरं ओढू नका, तुकडे मागू नका. ते मागण्याशी, ओढण्याशी, गावाच्या उकिरड्यावर जगण्याशी बांधलेलं खाणं होतं, ते तोडायला सांगितलं. पुढे १९४८ साली ‘अस्पृश्य मूळचे कोण’ या ग्रंथात त्यांनी गोमांसाचा आणि अस्पृश्यतेचा संबंध उलगडला, तेव्हाही मेलेलं आणि मारलेलं यातला फरक त्यांनी फार नेमका धरलाय. आपल्यातल्या अनेक घरांनी त्यानंतर मोठ्याचं मांस कायमचं सोडलं, माझ्या आजोबांनीही. तो त्यांचा स्वाभिमान होता, त्याच्यावर मी हसणार नाही. ज्याला नको त्याने खाऊ नये. पण रोख पैसे मोजून, बाजारातून, ताजा, सगळ्यात चांगला तुकडा आणून भाजणाऱ्याला पडं खाणाऱ्याच्या रांगेत बसवू नका. १९२७ चं म्हणणं उलटं होतंय.

आणि लोण्याबद्दल त्याच मित्राला एक आठवण देतो. ‘जातिनिर्मूलन’ काढ. १९३६ चं ते न झालेलं लाहोरचं भाषण. त्यात जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकीकत आहे. तीर्थयात्रा करून आलेल्या एका अस्पृश्याने जातभाईंना जेवण घातलं आणि पानात तूप वाढलं. लोक जेवत असताना शेकडो हिंदू लाठ्या घेऊन आले, अन्न नासवलं, माणसांना बडवलं. गुन्हा काय, तर तूप वाढलं. मांस नव्हतं तिथे. नुसतं तूप. ते कुणाचं चोरलेलं नव्हतं, ज्याच्या पैशाचं त्यानेच वाढलं होतं. मी ते पान कितीदा तरी वाचलं होतं, पण ठेचलेल्या मिरचीचं लोणी कागदात गुंडाळताना ते पहिल्यांदा हाताला लागलं. मिजास म्हणतोस ना दोस्ता, त्या लाठीवाल्यांनाही ती मिजासच वाटली होती.

तर गेल्या महिन्यात दुसऱ्यांदा. आई गावाहून आली होती. खिडकी उघडी ठेवली. दारही लोटलं नाही. तवा तापला, काप टाकले, उलटत राहिलो, काटा साठच्या पुढे गेला की उतरवले, वर लोण्याच्या चकत्या. लसणाचा वास जिन्यात गेला. थोड्या वेळाने शेजारच्यांचा कॉलेजातला पोरगा दाराशी थबकला, अंकल काय भारी वास येतोय. मी म्हणालो, म्हशीचा स्टेक आहे. बरं म्हणाला आणि खाली उतरला. आत येऊन बसला असं लिहिलं असतं तर गोष्ट छान झाली असती, पण तो उतरून गेला. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. अजून तरी झालेलं नाही.

आईने काप उलटापालटा करून पाहिला. ‘येवढं लाल मला नगं’ म्हणाली आणि स्वतः उठून तिचा तुकडा पुन्हा तव्यावर ठेवला, चांगला खरपूस होईपर्यंत. मी काट्याचे अंश सांगत होतो, तिने ऐकून घेतलं. मग भाकरीचा घास मोडून बशीतलं हिरवं लोणी पुसून खाल्लं, आणि मांसापेक्षा त्याचंच जास्त कौतुक केलं. मी सोललेली झिल्ली आणि कडेची पट्टी कचऱ्याच्या पिशवीत टाकायला बाजूला काढून ठेवली होती. ती तिने सकाळीच उचलून, धुऊन, पातेल्यात लपवली होती. झिल्ली शिजत नाही गं, मी म्हणालो. ‘तिला चिकटलेलं शिजतंय की,’ ती म्हणाली. सोमवारी तिने त्याचा रस्सा केला, तीन तास मंद आचेवर ठेवून, आणि उरलेली लोण्याची चकती त्यात सोडली.